विकतचे गाणे आणि त्याची किल्ली

२८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतील ॲपल या संगणक कंपनीने इंटरनेटवर गाण्यांचे एक दुकान उघडले. दुकानात सुमारे दोन लाख गाणी होती. कोणतेही गाणे सुटे घेता येत होते आणि एका गाण्याचा भाव ९९ सेंट होता. पहिल्या आठवड्यातच दहा लाख गाणी खपली. त्यापूर्वीच्या तीन-चार वर्षांत इंटरनेटवरचे गाणे म्हणजे फुकटचे गाणे असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते. पैसे मोजून गाणे घेणारा माणूस अद्याप शिल्लक आहे, हे त्या एका आठवड्याने दाखवून दिले. मग लगोलग दुसरी दुकाने उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर एक नवाच प्रश्न उत्पन्न झाला. ही सारीच दुकाने कायदेशीर. तेव्हा गाणे घ्यावयाचे ते कोठून?

त्या काळच्या वृत्तपत्रांनी व संगणकविषयक नियतकालिकांनी या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोष्टकांच्या रूपाने दिले. भाव किती, गाणी किती, ध्वनीचा दर्जा कसा, वर्गणी महिन्याची की वर्षाची, असे त्यांत रकाने असत. गिऱ्हाईकही त्याच हिशेबाने निवड करी, आणि त्यात त्याचे काही चुकत होते असे म्हणता येणार नाही. बाजारात गेलेला मनुष्य आधी भावच पाहणार. तथापि पुढील पाच-सहा वर्षांत जे घडले ते पाहता, निर्णायक ठरला तो रकाना निराळाच होता. विकत घेतलेले गाणे कोणकोणत्या यंत्रावर वाजेल आणि ते वाजण्यासाठी दर वेळी कोणाची अनुमती लागेल, हा तो रकाना. गाणे गिऱ्हाइकाच्या घरी, पण त्याची किल्ली मात्र दुकानदाराच्या कमरेला, अशी ही नवी विक्री होती.

ग्रामोफोनच्या तबकडीचा व्यवहार याहून सरळ होता. पैसे दिले, तबकडी घरी आणली, संपला व्यवहार. पुढे ती शेजाऱ्याला ऐकावयास द्यावी, जुन्या बाजारात विकावी, लेकीच्या सासरी पाठवावी किंवा मृत्यूपश्चात मुलांच्या हाती ठेवून जावी. त्यात कंपनीला विचारण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत हे तत्त्व १९०८ साली एका पुस्तकाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत असे छापले होते की, ही प्रत एका डॉलरहून कमी किमतीस कोणी विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसी नावाच्या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. प्रकाशकाने फिर्याद केली आणि ती हरली. प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवर मूळ मालकाचा अधिकार उरत नाही, असा निवाडा झाला. गंमत अशी की शंभर वर्षांनी गाण्यांच्या दुकानांतही चुरस चालली होती ती ८८, ८९ आणि ९९ सेंटांचीच. फक्त विक्रीनंतरचा अधिकार कोणाकडे राहतो, एवढी गोष्ट बदलली होती.

ग्रामोफोनच्या काळातही यंत्रे व तबकड्या यांची जुळणी नेहमी होत असे असे नाही. पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्यांत सुई वरखाली हलत असे, बाकीच्या बहुतेक कंपन्यांच्या तबकड्यांत ती आडवी हले; त्यामुळे एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर सरळ वाजत नसे. एडिसनच्या जाड तबकड्यांचेही तसेच. परंतु ती अडचण लोखंडाची आणि सुईची होती. कोणी कारागीर निराळा ध्वनिग्राहक बसवून देई आणि काम भागे. त्यासाठी कोणी त्याला न्यायालयात खेचले नसते. इंटरनेटवरील गाण्यांचे कुलूप या जातीचे नव्हते. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल लेखाधिकार कायद्याने असे कुलूप फोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला होता. गाणे तुमचे, पैसे तुम्ही दिलेले, पण कुलूप फोडाल तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल, अशी ती तऱ्हा होती.

गाणे तबकडीपासून सुटे झाले ते जर्मनीत. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात ध्वनी आटोपशीर करण्याची एक रीत सिद्ध केली. मनुष्याच्या कानाला जो अंश ऐकू येत नाही, किंवा एका मोठ्या आवाजामागे जो लहान आवाज झाकला जातो, तो गाळून टाकावयाचा, हे तिचे मर्म. कॉम्पॅक्ट डिस्कवर चार मिनिटांच्या गाण्यास सुमारे ४० मेगाबाइट जागा लागे, ती या रीतीने सुमारे ४ मेगाबाइटवर आली. १९९५ च्या जुलैत या रीतीच्या फायलींना एमपी३ हे नाव निश्चित झाले. चार मेगाबाइटची फाईल त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून दहा-बारा मिनिटांत घरी येऊ शके. आणि मुख्य म्हणजे, या फायलीला कुलूप नव्हते.

१९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने नॅपस्टर सुरू केले आणि लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरील गाणी उतरवून घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खटला भरला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने नॅपस्टरच्या विरुद्ध निर्णय दिला आणि त्या वर्षीच्या जुलैत ते बंद पडले. ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्याहून कमी सांगितली जाते ती त्यानंतरच्या दीड वर्षाची कथा, आणि कायदेशीर दुकानांच्या इतिहासात खरी बोधप्रद तीच आहे.

डिसेंबर २००१ मध्ये कंपन्यांनी स्वतःची दोन दुकाने उघडली. वॉर्नर, बीएमजी व ईएमआय यांनी म्युझिकनेट काढले. सोनी व युनिव्हर्सल यांनी प्रेसप्ले. पाच मोठ्या कंपन्यांनी दोन तट केल्यामुळे गिऱ्हाइकास सर्व गायक एका ठिकाणी मिळेनात. म्युझिकनेटची वर्गणी महिना सुमारे १० डॉलर. तीत शंभर गाणी उतरवून घेता येत, पण तीस दिवसांनी ती आपोआप मुकी होत. छोट्या यंत्रावर घालून ती बाहेर नेता येत नसत. प्रेसप्लेने थोडी सवलत दिली. जास्त वर्गणी भरणाऱ्यास महिन्याला ठरावीक गाणी डिस्कवर उतरवता येत, परंतु एकाच गायकाची दोनांहून अधिक नाहीत. एखाद्या गायिकेवर जीव असणाऱ्या रसिकाने तिचा पुरा संग्रह कायद्याने करावयाचा म्हटले तर त्याला महिनोन्महिने वाट पाहावी लागे. चोराच्या भीतीने घरधन्यालाच अंगणात झोपवावे, तसा हा प्रकार होता. ही दुकाने चालली नाहीत याचे आश्चर्य वाटू नये. प्रेसप्ले पुढे रॉक्सिओ नावाच्या कंपनीने विकत घेतले, आणि त्याच कंपनीने नॅपस्टरचेही नाव लिलावातून मिळविले होते; ऑक्टोबर २००३ मध्ये नॅपस्टर हे नाव कायदेशीर दुकानाच्या पाटीवर झळकले. ज्या नावाविरुद्ध कंपन्यांनी खटला लढविला, त्याच नावाखाली त्यांची गाणी विकली जाऊ लागली.

एक दुकान मात्र या सर्वांच्या आधीपासून चालू होते. १९९८ साली गुडनॉइज या नावाने निघालेले आणि पुढे ईम्युझिक म्हणून ओळखले गेलेले हे दुकान साधी एमपी३ गाणी विकत असे. कुलूप नाही, किल्ली नाही. त्यापायी मोठ्या कंपन्या त्याच्या दारात उभ्या राहत नसत. तेथे मिळत ते लहान, स्वतंत्र प्रकाशकांचे संगीत: जॅझ, ब्लूज, लोकसंगीत आणि नव्या मंडळींचे प्रयोग. २००३ च्या अखेरीस महिना सुमारे १० डॉलरांत चाळीस गाणी असा त्याचा दर झाला. म्हणजे एक गाणे पंचवीस सेंटांस पडे. कोष्टकात हे दुकान नेहमी मागे राहत असे, कारण प्रसिद्ध गायकांची नावे त्यात नसत. ज्याला ती नावे हवीत त्याला ते निरुपयोगी होते हेही खरे. परंतु ज्यांनी त्या काळी तेथून गाणी घेतली, त्यांना पुढच्या दहा वर्षांतील गोंधळाची झळ लागली नाही.

आता पुन्हा ॲपलच्या दुकानाकडे वळावयास हवे. आयट्यून्स हे त्याचे नाव. त्याचे यश केवळ भावात नव्हते, अटींच्या साधेपणात होते. वर्गणी नाही, मुदत नाही. घेतलेले गाणे तीन संगणकांवर वाजे (पुढच्या वर्षी ते पाच झाले), आयपॉड नावाच्या खिशात मावणाऱ्या यंत्रांवर हवे तितक्या वेळा घेता येई आणि डिस्कवर उतरवता येई. सामान्य माणसाला या मर्यादा जाणवतच नसत, म्हणूनच त्या टिकल्या. परंतु कुलूप होतेच. फेअरप्ले हे त्याचे नाव. हे गाणे आयपॉडवाचून दुसऱ्या कोणत्याही खिशातल्या यंत्रावर वाजत नव्हते, आणि आयपॉडवर दुसऱ्या मोठ्या दुकानांचे कुलूपबंद गाणे वाजत नव्हते. ऑक्टोबर २००३ मध्ये विंडोजच्या संगणकांसाठीही हे दुकान खुले झाले, तेव्हा या बंधनाचा पसारा लक्षावधी घरांपर्यंत गेला. ज्याने शंभर गाणी घेतली तो पुढचे यंत्रही ॲपलचेच घेणार हे ओघानेच आले.

दुसरा तट मायक्रोसॉफ्टच्या कुलपाचा होता. नवे नॅपस्टर, वॉलमार्ट, मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे एमएसएन म्युझिक, २००५ पासून याहू, ही सारी दुकाने त्याच कुलपाची गाणी विकत. वॉलमार्टने भाव ८८ सेंट ठेवून चुरस लावली. २००४ साली मायक्रोसॉफ्टने निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एक शिक्का मारावयास सुरुवात केली. त्याचा अर्थ ‘खात्रीने वाजेल’ असा होता. कल्पना चांगली होती. एका कुलपाची गाणी अनेक दुकानांतून घ्यावीत आणि अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर वाजवावीत, म्हणजे गिऱ्हाईक एका धन्याचा बांधील राहत नाही. जाणती माणसेही त्या काळी या युक्तिवादाने मायक्रोसॉफ्टच्या तटाकडे झुकत. तिसरीकडे सोनीने २००४ च्या मे महिन्यात आपले कनेक्ट हे दुकान उघडले, त्याची गाणी सोनीच्याच निराळ्या रीतीत बांधलेली आणि सोनीच्याच यंत्रांवर वाजणारी. रिअलनेटवर्क्स या कंपनीने त्याच वर्षी आपली गाणी आयपॉडवर वाजावीत अशी एक युक्ती काढली आणि काही आठवडे ४९ सेंटला गाणे विकले. ॲपलने तिच्यावर घरफोड्यासारखी वागणूक केल्याचा आरोप ठेवला आणि पुढे यंत्राच्या आतील आज्ञावली बदलून ती वाट बंद केली.

या सगळ्या कुलपांचे तंत्र थोडक्यात असे. गाण्याची फाईल गुप्त लिपीत बांधलेली असे. ती वाजविण्यासाठी संगणकापाशी एक किल्ली, म्हणजे एक लहानसा संख्यासमूह, असावा लागे; आणि ही किल्ली दुकानाच्या दूरच्या संगणकाकडून येत असे. एकदा किल्ली आली की ते गाणे त्या संगणकावर निर्वेध वाजे. परंतु संगणक बिघडला, नवा घेतला, किंवा त्यातील मूळ आज्ञावली पुन्हा बसविली, की पुन्हा दूरच्या संगणकाकडे मागणी करावी लागे. संगणक चार-पाच वर्षांनी बदलावाच लागतो. तेव्हा विकत घेतलेल्या गाण्याचे आयुष्य दुकानाच्या आयुष्याएवढे, किंबहुना दुकानदाराच्या मर्जीएवढे होते. पळवाट एकच असे: गाणी साध्या डिस्कवर उतरवावयाची आणि तेथून पुन्हा संगणकात घ्यावयाची. कुलूप निघून जाई, पण एकदा गाळलेला ध्वनी दुसऱ्यांदा गाळला जाई आणि दर्जा उतरे. हजार गाण्यांसाठी हे काम करावयाचे म्हणजे महिनाभराचे रविवार खर्ची घालावयाचे.

कायदेशीर कोणते, हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नव्हता. रशियातील ऑलऑफएमपी३ हे दुकान गाण्याच्या नगावर नव्हे तर वजनावर, म्हणजे दर मेगाबाइटला दोन-तीन सेंट या दराने विक्री करी. कुलूप नाही, दर्जा गिऱ्हाईक सांगेल तो, गाणी बहुतेक सर्व मोठ्या कंपन्यांची. ते स्वतःस कायदेशीर म्हणवी आणि त्याला आधारही दाखवी: रशियातील एका हक्कवसुली संस्थेचा परवाना. त्या देशाच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे अशी संस्था मूळ मालकाने अधिकार दिलेला नसतानाही परवाने देऊ शकते, असा तिचा दावा होता. कंपन्या म्हणत, आम्हांला एक कवडीही मिळालेली नाही. जागतिक व्यापार संघटनेत रशियाला प्रवेश देण्याच्या वाटाघाटींत हे दुकान अमेरिकेने २००६ साली मुद्दाम चर्चेस घेतले. पतपत्रांच्या कंपन्यांनी त्याचे पैसे वळते करणे थांबविले, आणि जुलै २००७ मध्ये ते बंद झाले. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या पूर्वीच्या मालकाला पुराव्याअभावी दोषमुक्त केले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने यातली विलक्षण गोष्ट अशी की, हक्कदाराला पैसे न पोचविणारे दुकान हवी तशी मोकळी गाणी देत होते, आणि सचोटीने पैसे पोचविणारी दुकाने कुलूपबंद. प्रामाणिक गिऱ्हाइकाला निकृष्ट माल देण्याची ही नीती फार काळ टिकणार नव्हती.

ती मोडावयास सुरुवात झाली ती मायक्रोसॉफ्टच्याच हातून. नोव्हेंबर २००६ मध्ये तिने झून नावाचे स्वतःचे यंत्र व त्याचे स्वतंत्र दुकान काढले, आणि ‘खात्रीने वाजेल’ असा शिक्का असलेली जुनी गाणी या नव्या यंत्रावर वाजेनात. एमएसएन म्युझिकची विक्री त्याच महिन्यात थांबली. जो युक्तिवाद ऐकून शहाणी माणसे त्या तटाकडे गेली होती, तो त्या तटाच्या धन्यानेच निकालात काढला.

यापुढील दोन वर्षे एकामागून एक दुकानांच्या फळ्या लागल्या. सोनीचे कनेक्ट मार्च २००८ मध्ये बंद झाले. एप्रिल २००८ मध्ये एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना पत्र गेले की, ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या देण्याचे बंद होईल. त्यानंतर गाणी ज्या संगणकांवर आहेत तेथे वाजतील, नव्या संगणकावर वाजणार नाहीत. ज्यांनी चोरी टाळून पैसे दिले होते त्यांच्याच हाती ही नोटीस आली. संताप झाला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने कंपनीस जाहीर पत्र लिहून क्षमायाचनेची आणि भरपाईची मागणी केली. जूनमध्ये कंपनी नमली आणि निदान २०११ अखेरपर्यंत किल्ल्या देत राहण्याचे तिने कबूल केले. जुलैमध्ये याहूने तसेच पत्र धाडले: ३० सप्टेंबरनंतर किल्ली नाही. तिने मात्र भरपाईची तयारी दाखविली. तीच गाणी दुसऱ्या दुकानातून मोकळ्या रूपात घेण्यासाठी हुंड्या किंवा पैसे परत. सप्टेंबरमध्ये वॉलमार्टचे पत्र आले की ९ ऑक्टोबरला किल्ल्यांचा संगणक बंद होईल, गिऱ्हाइकांनी आपली गाणी डिस्कवर उतरवून ठेवावीत. तेथेही गदारोळ झाला आणि ऐन मुदतीच्या सुमारास तो निर्णय मागे घेण्यात आला. ८८ सेंटांचे गाणे स्वस्त पडले की महाग, याचा हिशेब तेव्हा कोठे नीट मांडता आला.

दरम्यान कुलूपच काढून टाकण्याची चळवळ अनपेक्षित बाजूने सुरू झाली होती. ६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक प्रकट लेख प्रसिद्ध केला. त्यांचा मुख्य मुद्दा बिनतोड होता. आदल्या वर्षी कंपन्यांनी कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली आणि कॉम्पॅक्ट डिस्कवर, काहीही कुलूप न लावता, वीस अब्जांहून अधिक. दहांतील नऊ दारे सताड उघडी ठेवून एका दाराला कुलूप लावण्यात अर्थ काय? युरोपात तेव्हा नॉर्वेच्या ग्राहक लोकपालाने फेअरप्लेवर आक्षेप घेतला होता, फ्रान्सने २००६ साली या विषयावर कायदा केला होता, आणि जॉब्स यांच्या लेखामागे तो दाब होता हेही विसरता येत नाही. कंपन्यांचा हेतूही शुद्ध परोपकाराचा नव्हता. आयपॉडचे बंधन जोवर आहे तोवर गाण्याचा भाव ॲपल ठरविणार, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आपणच मागून घेतलेले कुलूप आपल्याच गळ्याचा फास झाले आहे, ही जाणीव त्यांना झाली ती अशी. ईएमआयने एप्रिल २००७ मध्ये पहिले पाऊल टाकले आणि मे अखेरीस आयट्यून्सवर तिची मोकळी, अधिक दर्जेदार गाणी १ डॉलर २९ सेंटांस मिळू लागली. युनिव्हर्सलने त्याच उन्हाळ्यात मोकळी गाणी विकावयास काढली, पण ॲपलला मुद्दाम वगळून.

२५ सप्टेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने आपले एमपी३ दुकान उघडले. सुमारे वीस लाख गाणी, ८९ ते ९९ सेंट भाव, कुलूप कशालाच नाही. आयपॉडवर वाजेल, सोनीच्या यंत्रावर वाजेल, झूनवर वाजेल. डिसेंबरात वॉर्नर आणि पुढील जानेवारीत सोनी-बीएमजी त्यात सामील झाल्या. यानंतर जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सर्व गाणी मोकळी करण्याचे जाहीर केले. त्याच्या बदल्यात कंपन्यांना ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट असे तीन भाव मिळाले. ज्यांनी पूर्वी कुलूपबंद गाणी घेतली होती त्यांना ती मोकळी करून मिळत, पण दर गाण्याला ३० सेंट मोजून. आपल्याच कपाटाचे कुलूप काढण्यासाठी लोहाराला नव्हे, कपाट विकणाऱ्यालाच दाम द्यावे लागले. तरी लोकांनी ते दिले.

कुलूप गेले म्हणून गाणे तबकडीसारखे झाले काय? या प्रश्नाचा निवाडाही अमेरिकेतच झाला. २०११ च्या अखेरीस रीडिजी नावाच्या एका कंपनीने वापरलेली डाउनलोड गाणी विकण्याचा जुना बाजार काढला. विकणाऱ्याच्या संगणकावरून गाणे नाहीसे होते याची ती काळजी घेत असे. कॅपिटल रेकॉर्ड्सने फिर्याद केली. १९०८ च्या त्या ८९ सेंटांच्या पुस्तकाचे तत्त्व येथे लागू पडत नाही, असा निर्णय न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये दिला व डिसेंबर २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला. फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा प्रत सरकत नाही, नवी प्रत जन्मते, आणि नवी प्रत काढण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला नाही, असा त्याचा आधार. म्हणजे तबकडी विकता येते, फाईल नाही.

भारतात हा सगळा इतिहास उशिरा आणि घाईघाईने घडला. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे दुकान काढले. गाणी काही रुपयांत, मोकळ्या एमपी३ स्वरूपात मिळत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲपलचे दुकानही भारतात सुरू झाले. पण येथल्या बाजारात रस्त्याच्या कडेला मेमरी कार्डावर शेकडो गाणी भरून देणारा दुकानदार बसलेला होता, आणि त्याच्याशी स्पर्धा करणे कठीण होते. जून २०१३ मध्ये फ्लाइट बंद झाले. मात्र अमेरिकेतील २००८ च्या गिऱ्हाइकांवर जो प्रसंग आला तो येथे आला नाही. ज्यांनी नाट्यगीते, अभंग वा चित्रपटगीते तेथून घेऊन आपल्या संगणकावर उतरवून ठेवली होती, ती दुकान उठल्यावरही त्यांच्यापाशी राहिली, कारण त्यांना किल्लीच लागत नव्हती.

त्यानंतर विक्रीची रीतच पालटली. स्वीडनमधून निघालेले स्पॉटिफाय २००८ च्या ऑक्टोबरात युरोपात आणि २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आले. गाणे विकत न घेता वर्गणी भरून ऐकावयाचे, ही रीत आता बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. २००१ च्या म्युझिकनेटची ती धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही; वर्गणी थांबली की गाणे थांबते, हा नियम दोघींचा सारखाच. फरक असा की हिच्यापाशी जवळजवळ सगळी गाणी आहेत आणि ही आपल्याला विक्री म्हणवीत नाही. मोकळी फाईल विकणारी दुकाने त्यातूनही उरली. २००८ साली निघालेले बँडकँप गायकाने ठेवलेल्या भावातून डाउनलोडवर साधारणतः १५ टक्के अडत घेते आणि मूळ दर्जाची, कुलूप नसलेली फाईल देते. २०२२ नंतर त्याचे मालक दोनदा बदलले, पण गिऱ्हाइकाने उतरवून ठेवलेल्या फाईलला त्याची खबरही लागत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफर संस्थेने एमपी३ च्या परवान्यांची योजना बंद केली, कारण त्या रीतीची पेटंटे संपुष्टात आली होती. आता ती रीत कोणाच्याच मालकीची नाही. एमएसएन म्युझिकवरून २००५ साली घेतलेले कुलूपबंद गाणे आज नव्या संगणकावर घातले तर ते किल्ली मागते आणि किल्ली देणारे कोणी नाही. गुडनॉइजकडून १९९८ साली घेतलेले गाणे जतन करून ठेवले असेल तर ते कोणत्याही साध्या यंत्रावर, कोणालाही न विचारता वाजते.